वाघदेवामागचे तेरा गुंठे

हळवं भात पिकून वाफ्यांत आडवं व्हायला लागलं, त्याच आठवड्यात हिरूच्या हातात मोजणीचा नकाशा आला. सुनिल घेऊन आला. वनहक्काच्या दाव्यांची मोजणी करायला नेमलेला हा तरुण पाड्यापाड्यांतून फिरत होता आणि सायवनपासून वरच्या डोंगरापर्यंत सगळे त्याला मोजणीवाला म्हणूनच ओळखत. हिरू कमरेत वाकून कापत होता. त्याने विळा खांद्याला अडकवला, चिखलाचे हात चड्डीला पुसले आणि कागद कोपऱ्याला धरून घेतला. कागदावर एक चार बाजूंची आकृती होती. खाली हिरूचं नाव आणि त्याखाली आकडा होता. अठ्ठावन्न गुंठे.

हिरूला आकडे वाचता येत. तो कागदाकडे बघत राहिला आणि मग बांधावर भारे बांधत बसलेल्या बायकोकडे, सोमीकडे, त्याने पाहिलं. अर्जात त्यांनी एकाहत्तर लिहिले होते.

सुनिल वाईट माणूस नव्हता. अर्जातला आकडा अंदाजाने लिहिलेला असतो, फोन मात्र माणूस चालेल तसं मोजतो, असं त्याने समजावलं. महिन्यापूर्वी हिरूच तर फोन हातात घेऊन सगळ्या हद्दीने फिरला होता. हरकत असली तर पुढच्या गुरुवारी एकदा फेरमोजणी करता येईल; त्यानंतर नकाशा तालुक्याला जाणार. पट्ट्याच्या बाहेर जे राहील त्यात रोपवन होईल, तारेचं कुंपण येईल. एवढं सांगून तो पुढच्या घरी गेला.

सोमीने हातातला बंध सोडला नाही. ती एवढंच म्हणाली, "कुठले तेरा?"

हिरूने कागद उलटसुलट करून पाहिला. कागदावर झाड नव्हतं, बांध नव्हता, ओहोळ नव्हता. नुसत्या रेघा होत्या.

तो आकडा अंदाजाचा नव्हता. तो दक्षाच्या वहीतला होता. दक्षा त्यांची एकुलती मुलगी, दहावीत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिच्या गणिताच्या निर्मला मॅडमनी मुलांना आपापलं शेत मोजून आणायला सांगितलं होतं. दक्षाने शाळेतल्या टेपाने वीस मीटर मोजून अंबाडीच्या दोराला मीटरमीटरवर गाठी मारल्या आणि आईला दुसरं टोक धरायला लावून भर मे महिन्यात तीन दिवस जमीन मोजली. चार बाजू आणि एक कर्ण, म्हणजे दोन त्रिकोण. सूत्रात घालून क्षेत्रफळ काढलं, आलेखाच्या कागदावर आकृती काढली. एका सेंटिमीटरला दहा मीटर. आकृतीत तिने मोगऱ्याची रोपं ठिपक्यांनी दाखवली, घर काळ्या चौकोनाने आणि विहीर निळ्या पेनाने गोल. उत्तर आलं एकाहत्तर पूर्णांक एक. दाव्याचा अर्ज भरताना हिरूने तीच वही गावच्या वनहक्क समितीपुढे ठेवली होती. ठेवताना त्याची मान थोडी ताठ झाली होती, हे दक्षाने पाहिलं होतं.

संध्याकाळी शाळेतून आल्यावर तिला कागद दाखवला. तिने दप्तर खाली ठेवायच्या आधी वही काढली. दोन्ही आकडे शेजारी शेजारी बघितले. तेरा गुंठे ही हाताच्या थरथरीची चूक नव्हती. कुठेतरी एखादी बाजूच खोटी असली पाहिजे. आणि तिची वही खोटी असेल, तर तिच्या बापाने सगळ्या पाड्यासमोर खोटा आकडा लिहून दिला होता.

त्या घराला तेरा गुंठ्यांची भीती का वाटावी, हे पाड्यात कुणाला सांगावं लागत नव्हतं. सात वर्षांपूर्वीपर्यंत दिवाळी झाली की हिरू आणि सोमी दक्षाला घेऊन वीटभट्टीवर जात. दक्षाची दुसरी आणि तिसरी तिथेच गेली. ती भट्टीवर गाढवांची शिंगरं राखायची आणि विटांवर खडूने बेरजा करायची. मग हिरूने ओहोळाच्या अंगाला विहीर खणली. नवरा-बायको दोघांनीच. मुरूम फोडताना पहारीने हिरूच्या पायाच्या अंगठ्याचं नख गेलं, ते अजून सरळ आलं नव्हतं. अठरा फुटांवर पाणी लागलं. त्या पाण्यावर तीनशे मोगरा लावला. तेव्हापासून उन्हाळ्यात रोज पहाटे कळ्या तोडून पुड्या डहाणूला जात, आणि घरातलं कुणी भट्टीवर गेलं नव्हतं. मोगरा वाफ्यांच्या कडेला होता, विहीर त्याच्या खाली. पावसाळ्यात मोगऱ्याला पाणी लागत नाही, म्हणून चार महिने विहिरीकडे कुणाचं कामच नसे.

शनिवारी मुकेश आला. हिरूचा मोठा भाऊ लहान्या, त्याचा हा मुलगा. डहाणूला कॉलेजात विज्ञान शिकत होता आणि आठवड्याला घरी येई. लहानपणी त्यालाही निर्मला मॅडमनीच शिकवलेलं. त्याने नकाशा पाहिला, वही पाहिली आणि वहीतले आकडे फोनच्या गणकयंत्रात घातले. एकाहत्तर पूर्णांक एकच आले.

"गुणाकार बरोबर आहे तुझा," तो म्हणाला. "म्हणजे मोजमाप चुकलंय. दोर भिजला असणार. अंबाडी भिजली की आखडते."

दक्षा म्हणाली, मे महिन्यात कुठला भिजतोय दोर. मग मुकेशने उतार काढला. उतारावर दोर टाकला की अंतर जास्त येतं. तिने सांगितलं की उताराला खालच्या माणसाने दोर छातीशी आणि वरच्याने जमिनीशी धरायचा, मॅडमनी शिकवलंय, आईला विचार. सोमी भारा डोक्यावर घेत होती, ती तशीच म्हणाली की छातीशी दोर धरून तिचे हात दोन दिवस भरून आले होते.

मुकेश हसला. "बाय, तू आणि तुझा दोर. चल, माझ्या फोनवर मोजू. दोन फोन खोटं बोलणार नाहीत."

दोघं निघाली. घराच्या कोपऱ्यापासून मुकेशने फोनवरची खूण दाबली आणि हात पुढे धरून तो वरच्या बांधाने चालू लागला. दक्षा मागोमाग, पावलं मोजत. भाताच्या कापलेल्या धसांवर उन्हाची वाफ होती. वाफे संपले, मोगऱ्याची ओळ संपली. बांधाच्या कडेला शेंदूर फासलेला वाघदेवाचा दगड आला. दोघांनी चपला काढून हातात घेतल्या, मान वाकवली, तिथून उजवीकडे वळली आणि सरळ खाली दक्षिणेच्या कोपऱ्याला, सागाच्या खुंटाशी आली. पुढे खालच्या बांधाने परत घर. मुकेशने फोन तिच्यापुढे धरला.

अठ्ठावन्न पूर्णांक तीन.

मुकेश टेकडीवरच्या आंब्याखाली गेला, तिथेच रेंज येते, आणि त्याने आकृती निर्मला मॅडमना पाठवली. खाली लिहिलं, 'मॅडम, तुमची दोरवाली पोरगी हरली.' ते त्याने दक्षालाही वाचून दाखवलं. त्याच्या मनात वाकडं नव्हतं. पण हिरू जवळच विळ्याला कानशीने धार लावत बसला होता. त्याची कानस मध्येच थांबली आणि पुन्हा चालू झाली.

रात्री जेवण झालं. ताटावरून उठताना हिरू म्हणाला की समितीत तो सांगून टाकेल, पोरीच्या हातून चूक झाली म्हणून. पोरगीच ती, त्यात काय. सोमी चुलीकडे तोंड करून म्हणाली, मग दिवाळीनंतर मुकादमाला काय सांगायचं तेही आताच ठरव. विहीर राहील का जाईल, ते तरी कळतंय का तुला. हिरूने हात धुतले. तो बाहेर जाऊन बसला.

रविवारभर दक्षाने भात कापलं. विळ्याची मूठ तळहाताला फोड आणते, ती जागा तिला ठाऊक होती. तिथे तिने चिंधी बांधली. चार काड्या, मूठ, चार काड्या, मूठ. मनात ती एकेक बाजू परत मोजत होती. वरचा बांध एकशे एकोणतीस. घराकडची बाजू सहासष्ट. खालचा बांध एकोणनव्वद. ओहोळाची सत्त्याहत्तर. शनिवारी मुकेशमागून चालताना वरच्या बांधाला पावलं किती झाली होती, ते आठवायचा तिने प्रयत्न केला. तिची पावलं दोन म्हणजे एक मीटर. एकशे ऐंशीच्या आसपास झाली होती. म्हणजे नव्वद मीटर. वहीत एकशे एकोणतीस. चूक सापडली होती आणि ती तिचीच होती. दोन गाठी दोनदा मोजल्या असतील, नाहीतर दोन दोर.

बांधावर बसून पाणी पिताना तिने वरच्या बांधाकडे पाहिलं. घरापासून वाघदेवापर्यंत बांध सरळ दिसत होता. नव्वद मीटर. डोळ्यांनाही तेवढाच दिसत होता. देवाच्या पुढे पुरुषभर गवत होतं आणि गवतापलीकडे आभाळ.

सोमवारी वर्गात गणिताचा तास टॅबवर होता. शाळेला दहा टॅब मिळाले होते, चार मुलांत एक. आकृती बोटाने फिरवता येई, मोठी करता येई, कोन आपोआप लिहून येई. पोरं बोट लावायला भांडत आणि उत्तर आलं की वहीत उतरवून मोकळी होत. निर्मला मॅडमनी एक नियम घातला होता. आधी हाताने आकृती काढायची, अंदाज लिहायचा, मग टॅब उघडायचा. दोन्हींत फरक आला तर खोडायचं नाही. समोर फरक लिहायचा आणि त्याच्यापुढे कारण. बऱ्याच पोरांच्या वहीत कारणाच्या जागी 'मी चुकलो' एवढंच असे. मॅडम म्हणत, हे कारण नाही, कुठे चुकलास ते कारण.

त्या दिवशी दक्षाची आकृती झाली नाही. तास संपल्यावर मॅडमनी तिला थांबवलं. मुकेशचा निरोप त्यांनी वाचला होता. वही आणली आहे का, विचारलं.

दक्षाने वही पुढे केली आणि स्वतःच सांगून टाकलं की वरच्या बांधाला चाळीस मीटर जास्त धरले गेलेत, बहुतेक दोन दोर दोनदा मोजले.

"बहुतेक?" मॅडम म्हणाल्या. "खालची बाजू काय आली फोनवर?"

ते दक्षाने बघितलंच नव्हतं. तिने फक्त शेवटचा आकडा पाहिला होता.

मॅडमनी मुकेशची आकृती एका टॅबवर घेतली. कपाटातून बटरपेपर काढला. टॅबवरच्या आकृतीखाली दहा मीटरची छोटी पट्टी दिसत होती. मॅडमनी दक्षाला फूटपट्टी लावायला सांगितली आणि ती छोटी पट्टी बरोबर एक सेंटिमीटर होईपर्यंत आकृती दोन बोटांनी मोठी केली. आता वहीतल्या आणि टॅबवरच्या आकृतीचं माप एक झालं. दक्षाने बटरपेपर काचेवर ठेवला आणि पेन्सिल टेकवली, तशी आकृती पेन्सिलीबरोबर सरकली. पुन्हा माप जुळवलं. पुन्हा सरकली. तिसऱ्या वेळी मॅडमनी कागदाच्या कडा काचेबाहेर ताणून धरल्या आणि दक्षाने मनगट अधांतरी ठेवून फक्त कोपऱ्यांवर ठिपके दिले. मग कागद बाकावर घेऊन पट्टीने ठिपके जोडले.

तो कागद तिने वहीतल्या आकृतीवर ठेवला.

घराचा कोपरा घराच्या कोपऱ्यावर आणला. घराकडची बाजू बाजूवर बसली. खालचा बांध बसला, केसभर इकडेतिकडे. वरचा बांधही बसला. त्याची दिशा तीच होती, पण तो मध्येच थांबला होता, नवव्या सेंटिमीटराच्या जरा अलीकडे, आणि तिथून रेघ सरळ खाली उतरली होती. त्या रेघेच्या उजवीकडे, बटरपेपरच्या आकृतीबाहेर, वहीतला एक त्रिकोण उरला होता. त्यातले चौकोन दक्षाने मोजले. या मापाला एक चौकोन म्हणजे जवळजवळ एक गुंठा. अर्ध्याला अर्धा जोडून तेरा भरले.

त्रिकोणाच्या आत, ओहोळाच्या बाजूला, निळ्या पेनाचा गोल होता.

"इथं काय आहे?" मॅडमनी रेघ जिथे वळली त्या कोपऱ्यावर नख ठेवलं. "फोन इथून का वळला?"

दक्षाला दगड दिसला, हातातल्या चपला दिसल्या, वाकलेली मान दिसली. मुकेशच्या मागून ती स्वतः वळली होती. वळलो असं तिला वाटलंसुद्धा नव्हतं.

मॅडम नाशिककडच्या. त्यांना सांगावं लागलं. पेरणी झाली की वाघदेवाच्या पाठीमागचं रान देवाचं. वाघबारशीपर्यंत, म्हणजे दिवाळीच्या तोंडापर्यंत, तिथे कुणी पाऊल टाकत नाही, गुरंही नाही. गवत वाढतं तसं वाढू देतात. वाघबारशीला देवाला नारळ दिला की पहिला विळा लहान्या बाबा, मुकेशचे वडील, चालवतात, मग गवत कापायचं, मग विहिरीवर जायचं. उन्हाळ्यात तिथे सगळेच फिरतात. म्हणून मे महिन्यात दोर ओहोळापर्यंत गेला. म्हणून भादव्यातल्या मोजणीला तिच्या बाबांचे पाय देवापाशी थांबले.

मॅडमनी बटरपेपरचा कोपरा वहीवर पुन्हा जुळवून पाहिला. म्हणाल्या, "मग चूक कुणाचीच नाही. फोन पायांएवढंच सांगतो." आणि वही मिटताना, "पण फेरमोजणी गुरुवारी आहे म्हणालीस."

वाघबारस त्या गुरुवारनंतर पाच दिवसांनी होती.

घरी दक्षाने अंगणात वही उघडली आणि वर बटरपेपर ठेवला. हिरू वाकला. आकृतीत त्याला वाट लगेच सापडली; घर, वाफे, मोगऱ्याचे ठिपके. पेन्सिलीच्या रेघेवरून त्याने बोट फिरवत नेलं आणि जिथे रेघ वळली तिथे बोट थांबलं. त्याने ते उचललं नाही.

"मीच," तो म्हणाला.

सोमी जवळ आली. निळा गोल तिने पाहिला आणि वहीपाशी उकिडवी बसली. त्या दिवशी मोजणीला ती मागे उभी होती. देवापाशी नवरा वळला तेव्हा तिला काही वावगं दिसलं नव्हतं. वळला नसता तर दिसलं असतं. ती नवऱ्याच्या अंगठ्याकडे, त्या वाकड्या नखाकडे बघत राहिली.

रात्री भाऊ एकत्र बसले. देवाचं सगळं करणं लहान्याकडे होतं, म्हणून बोलणं त्याच्याशीच होतं. हिरूने सगळं सांगितलं. लहान्याने विडी पेटवली नाही, नुसती बोटांत फिरवली. वाघबारस पाच दिवस अलीकडे आणता येईल का, असं सोमीने विचारलं. लहान्या म्हणाला, चंद्र कुणाच्या मोजणीसाठी अलीकडे येत नाही. मग तो म्हणाला की जा म्हणायला तो कोण, आणि जाऊ नको म्हणून विहीर घालवायला तरी तो कोण. देव त्याच्या एकट्याचा नाही. एवढं बोलून तो उठला आणि घरी गेला.

बुधवारी रात्री डहाणूहून मुकेश आला. पायरीवर बसून त्याने आधी दक्षाची वही मागून घेतली आणि दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून बघितले. शनिवारचं हसू त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. हिरूला म्हणाला, "काका, मीपण वळलो. कॉलेजात शिकून वळलो." मग त्याने मार्ग सांगितला. नकाशावरचा कोपरा बोटाने ओढता येतो. देवापासचा बिंदू धरायचा, ओहोळाकडच्या कोपऱ्यातल्या पांगाऱ्याच्या झाडापर्यंत ओढायचा. गवतात पाय टाकायचीही गरज नाही. सुनिल ओळखीचा आहे, तो नाही म्हणणार नाही.

दक्षाला वाटलं, झालं. मुकेशच्या फोनवर तिने स्वतः करून पाहिलं. बोटाखाली रेघ रबरासारखी लांबली, खालचा आकडा पळत गेला आणि एकाहत्तरावर थांबला. किती सोपं होतं. तिने फोन बापापुढे धरला.

हिरूने आकडा पाहिला.

"जिथं मी पाय टाकला नाय," तो म्हणाला, "ती जमीन माझी हाय असं बोटानं कसं सांगू?"

मुकेश म्हणाला, मग मी जातो काका, नाहीतर दक्षाला जाऊ द्या, ती पोरगी आहे, देव तिला काय करणार. हिरूने मान हलवली. "पाय माझे वळले होते."

गुरुवारी सकाळी सुनिल आला तेव्हा दव सुकलेलं नव्हतं. हिरूने काही खाल्लं नव्हतं. दक्षाने वही आणि बटरपेपर सुनिलला दाखवले. त्याने ते लक्ष देऊन पाहिले आणि म्हणाला की कागद फाइलीला जोडता येणार नाही, पण समजलं. कोपरा ओढायचा विषय मुकेशने हळूच काढला. ओढलेला बिंदू तालुक्याला लाल दिसतो, सुनिल म्हणाला, आणि लाल दिसला की फाइल बाजूला पडते. त्याने फोन चालू करून हिरूच्या हातात दिला.

हिरू घराच्या कोपऱ्यापासून निघाला. फोन त्याने दोन्ही हातांत धरला होता, भरलेलं भांडं धरावं तसा. मागे सुनिल, मुकेश, दक्षा आणि सोमी. कापलेल्या वाफ्यांतून पाखरं उठली. मोगऱ्याच्या ओळीपाशी दक्षाने मान वर केली आणि तिला लहान्या बाबा दिसले. ते देवापासून वीसेक पावलांवर उभे होते, हातात नारळ घेऊन. हिरू जवळ येताना दिसला तसे ते सावकाश फिरले आणि डोंगराकडे तोंड करून उभे राहिले. त्यांची पाठ तेवढी सगळ्यांना दिसत राहिली.

हिरू दगडाच्या जरा अलीकडे थांबला. चपला तो घालून आलाच नव्हता. वाकला, काहीतरी पुटपुटला. दक्षाला फक्त ओठ हललेले दिसले. मग तो ताठ झाला, पण पाय उचलेना. उजवा पाय जमिनीवर जरासा उजवीकडे फिरला, जसा दर पावसाळ्यात फिरत आला होता. फोनवर सेकंद सरकत होते. सुनिलने काही बोलायला तोंड उघडलं, सोमीने नुसता हात वर केला, तो गप्प झाला.

हिरूने फिरलेला पाय परत सरळ केला आणि तो गवतात शिरला.

गवत त्याच्या डोक्याच्या वर होतं. तो आत गेला तसं ते मागे मिटलं. बाहेरच्यांना फक्त शेंडे हलताना दिसत होते, ओहोळाच्या दिशेने, सावकाश. मागून कुणी गेलं नाही. सुनिलसुद्धा नाही. दक्षा मनात मोजत होती. ऐंशी पावलं झाली की पांगारा. ऐंशी झाली, नव्वद झाली. एका जागी शेंडे थांबले, तिथे विहीर असणार. मग पुन्हा हलू लागले, आता खालच्या अंगाला. बऱ्याच वेळाने सागाच्या खुंटापाशी गवत दुभंगलं आणि हिरू बाहेर आला. हातांवर, गालावर, कपाळावर गवताच्या पात्यांनी लाल रेघा उठल्या होत्या. कपडे दवाने अंगाला चिकटले होते. फोन कोरडा होता. तो कुणाकडे न बघता खालच्या बांधाने घराकडे चालत गेला आणि सुरुवातीच्या खुणेवर येऊन थांबला.

वर लहान्याने नारळ फोडल्याचा आवाज आला.

सुनिलने फोन घेतला. सत्तर पूर्णांक सात. सोमीने पदराने डोळे पुसले आणि लगेच हिरूच्या हातावरचं रक्त त्याच पदराने पुसू लागली. मुकेश हसला आणि दक्षाच्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, जिंकलीस बाय, मॅडमना कळवतो.

सुनिल अजून पडद्याकडे बघत होता. त्याने आकृती मोठी केली. वरच्या बांधाची रेघ जवळजवळ सरळ गेली होती, पण एका ठिकाणी तिला आत खाच होती. नखाने उकरावी तेवढी, अर्धगोल.

"दादा, इथं आत का आलात?" त्याने विचारलं. "बांध सरळ आहे ना? परत एकदा फिरलात तर हेपण भरून निघेल. अर्धा गुंठा आहे."

हिरू रांजणातल्या पाण्याने हात धूत होता. त्याने वर पाहिलं नाही.

दक्षाने पडद्यावर पाहिलं. वाघदेवाचा दगड बांधाच्या रेघेतच होता. गवतात शिरताना तिच्या बापाने देवाला मध्ये घेतलं नव्हतं. पाचेक मीटरांचा वळसा घालून तो देवाच्या आतल्या अंगाने गेला होता. दगड आणि त्याच्या भोवतालची जागा हद्दीच्या बाहेर राहिली होती.

"चुकलं नाही ते," ती म्हणाली. "तसंच राहू द्या."

सुनिलने तिच्याकडे पाहिलं, हिरूकडे पाहिलं आणि खूण दाबली. हिरूने सही केली. सुनिल पुढच्या घरी गेला, मुकेश आंब्याखाली गेला. दव आता सुकलं होतं आणि उरलेले तीन वाफे आजच कापायला हवे होते. सोमीने विळे काढले.

दक्षा पायरीवर बसली. वही उघडून तिने मॅडमच्या नियमाप्रमाणे रकाने आखले. दोर, एकाहत्तर पूर्णांक एक. फोन पहिला, अठ्ठावन्न. फरक तेरा. कारणाच्या जागी तिने लिहिलं, 'पाय देवापाशी वळले. बाबांचे, मुकेशचे, माझे.' खाली दुसरी ओळ. फोन दुसरा, सत्तर पूर्णांक सात. फरक शून्य पूर्णांक चार. कारणाचा रकाना तिने आधी रिकामा ठेवला. मग तिने पान उलटून मे महिन्यातली आकृती उघडली, वरच्या बांधाच्या रेघेवर देवाच्या जागी रबर फिरवला आणि तिथे बटरपेपरशिवाय, नुसत्या हाताने, एक अर्धगोल आत काढला. अंदाजे पाच मीटर. रकान्यात लिहिलं, 'सोडलेली जागा'.

"दक्षा," वाफ्यातून हिरूने हाक मारली, "ऊन चढलं."

तिने वही घरात नेऊन वळचणीला खोचली, तळहाताला चिंधी बांधली आणि बापाच्या शेजारच्या ओळीला वाकली.